विमा खाटेपुरता, आजार वर्षानुवर्षांचा

कॅन्सरचे उपचार संपले की लोक म्हणतात, ‘सुटलात!’ पण पुढची कित्येक वर्षे रक्ततपासणी, स्कॅन, डॉक्टरांची फेरी चालूच राहते. रुग्ण दाखल होत नाही, मजुरी मात्र बुडते. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे कवच आहे. पण डिस्चार्जनंतरच्या औषध-तपासणीचा खर्च साधारणपणे १५ दिवसांपुरताच धरला जातो.

आम्ही विचारतो, विम्याची कल्पना खाटेपुरती कधी झाली?

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकरांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा सोपवला गेला. १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या व्यवस्थेत दाखल न होता मिळणारे उपचारही आहेत आणि बुडालेल्या मजुरीची भरपाईही. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात ती मजुरीच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत मिळू शकते.

म्हणजे आजार हे कामगाराचे एकट्याचे दुर्दैव नाही, मालक आणि शासनही त्याला बांधील आहेत.

पण हे दार सर्वांना उघडले नाही. दरमहा २१ हजारांची वेतनमर्यादा आहे, आणि आस्थापनेत साधारण १० कामगार हवेत. घरकामगार, कचरावेचक, नाक्यावरचा मजूर बाहेरच राहिले. ते बहुतांशी कोणत्या वस्तीतले, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून साथींनो, वर्गणी गोळा करून एकेक रुग्ण वाचवूच. पण मागणी एकच लावून धरू : असंघटित कामगारालाही तपासणीचा खर्च आणि बुडालेली मजुरी, हक्काने.

जय भीम!