परहस्ते गेलेले ग्रंथ : काशी, तंजावर आणि बडोदे

ग्रंथ जमविणाऱ्या माणसाच्या मनात दोन परस्परविरोधी वृत्ती एकाच वेळी नांदत असतात. आपल्याला आवडलेला ग्रंथ दुसऱ्यानेही वाचावा, ही एक. आणि तो आपल्या कपाटातून हलू नये, ही दुसरी. ही ओढाताण आजची नव्हे. पुस्तक आणि पैसा परहस्ते गेला की तो गेलाच समजावा, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असे. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक जी विनवणी लिहून ठेवीत, तिच्यातही हाच धसका दिसतो. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे जणू पोथीच वाचकाला सांगत असते.

तथापि ग्रंथसंग्रहांचा इतिहास पाहू लागल्यास एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. परहस्ते गेल्याने काही ग्रंथ नाहीसे झाले हे खरे. परंतु जे तरले त्यांतले पुष्कळसे परहस्ते गेले म्हणूनच तरले. महाराष्ट्राबाहेर मराठी माणसांनी उभारलेल्या तीन ग्रंथसंग्रहांची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. आपणही घरापासून दूर राहून मराठी पुस्तके सांभाळणारी माणसे आहोत. सबब ही हकीकत परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रथम पोथीच्या संसाराविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. पोथी म्हणजे सुट्या पानांची चळत. वरखाली लाकडी फळ्या, त्यांभोवती कापडाचे वेष्टन आणि त्यावर दोरा. पावसाळा सरला की पोथ्या उघडून उन्हाची तिरीप दाखवावयाची, कसर लागू नये म्हणून वेष्टनात वेखंड ठेवावयाचे आणि नवरात्रात सरस्वतीपूजनाला त्या पाटावर मांडावयाच्या, असा क्रम घरोघर चाले. अशी पोथी उसनी मागणारा मनुष्य ती केवळ वाचण्याकरिता नेत नसे; बहुधा तो तिची नक्कल करून घेण्यासाठी नेई. पाने सुटी असल्यामुळे दोघे-तिघे लेखनिक एकाच वेळी कामाला बसू शकत. जाताना एक असलेली पोथी परतेपर्यंत दोन झालेली असे. मूळ प्रत पुढे जळाली, भिजली वा वाळवीने खाल्ली तरी ग्रंथ दुसऱ्या गावी जिवंत राही. मुद्रणापूर्वीच्या काळात ग्रंथ उसना देणे हेच त्याच्या प्रसाराचे आणि रक्षणाचे साधन होते.

आता काशीकडे वळू. सतराव्या शतकात गोदातीराहून काशीस जाऊन स्थायिक झालेले कवींद्राचार्य सरस्वती हे संन्यासी त्या क्षेत्रातील पंडितांचे अग्रणी मानले जात. काशी आणि प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर शहाजहान बादशहाकडून त्यांनी माफ करविला, तेव्हा देशोदेशींच्या पंडितांनी त्यांच्या गौरवार्थ रचना केल्या आणि त्या ‘कवीन्द्रचन्द्रोदय’ या नावाने संकलित झाल्या. ‘सर्वविद्यानिधान’ ही त्यांची पदवी. फ्रेंच प्रवासी बर्निए काशीस आला असता पंडितांच्या मुख्याने त्याला ग्रंथांनी भरलेले एक मोठे दालन दाखविले, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. हे यजमान म्हणजे कवींद्राचार्यच असावेत, असा अनेक संशोधकांचा अभिप्राय आहे.

सर्वसंगपरित्याग केलेल्या या संन्याशाने ग्रंथांचा संग मात्र सोडला नव्हता. त्याच्या पोथ्यांवर त्याचे नाव व पदवी लिहिलेली असे. परंतु संग्रह एका माणसाचा होता आणि त्या माणसाबरोबर त्याची घडी मोडली. पोथ्या ठिकठिकाणी पांगल्या. त्यांतल्या पुष्कळ बिकानेरचे विद्याप्रेमी महाराजा अनूपसिंह यांच्या संग्रहात पोहोचल्या आणि आजही तेथील अनूप संस्कृत ग्रंथालयात आहेत. दोन हजारांहून अधिक नोंदींची एक जुनी यादी मात्र शिल्लक राहिली. ती १९२१ मध्ये ‘कवीन्द्राचार्यसूचीपत्र’ या नावाने छापली गेली, तेव्हा त्या दालनात काय काय होते याचा अंदाज विद्वानांस आला. पोथीवरचे नाव आणि ग्रंथांची यादी या दोन लहानशा गोष्टी नसत्या, तर एवढा मोठा संग्रह होता हेदेखील आज सिद्ध करता आले नसते.

काशीचा संग्रह पांगला; तंजावरचा मात्र जागच्या जागी टिकला. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापिले. पूर्वीच्या नायक राजांचे ग्रंथभांडार त्यांच्याकडे आले आणि पुढल्या राजांनी त्यात भर घातली. परंतु त्या भांडाराचा खरा शिल्पकार म्हणजे दुसरे सरफोजीराजे. ते १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. सत्ता गेलेल्या राजांनी आपला काळ व पैसा कशावर खर्च केला याची उदाहरणे पुष्कळ आहेत. सरफोजींनी तो विद्येवर खर्च केला. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन इत्यादी भाषांतील हजारो छापील पुस्तके त्यांनी मागविली आणि त्यांतल्या अनेकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. जॉन्सनच्या सुप्रसिद्ध कोशाची १७८४ ची आवृत्ती तेथे आजही पाहावयास मिळते. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेस गेले, तेव्हा तेथूनही त्यांनी संस्कृत ग्रंथांचा मोठा साठा तंजावरला आणविला. गंगेची कावड दक्षिणेत आणणारे पुष्कळ; ग्रंथांची कावड आणणारा हा विरळा.

हे ग्रंथ शोभेसाठी नव्हते. राजवाड्यातील धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकाचा एकत्र अभ्यास चाले. नेत्ररोग्यांवर झालेल्या उपचारांच्या सचित्र नोंदीदेखील शिल्लक आहेत. देवनागरी खिळ्यांचा छापखाना राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच उभारला आणि इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर तेथे छापले गेले. पुण्या-मुंबईकडे मराठी पुस्तकांचे मुद्रण सुरू झालेले नसताना कावेरीकाठी मराठी पुस्तक छापले जात होते, ही गोष्ट आपण मुलाबाळांना आवर्जून सांगावी अशी आहे.

सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. अशा प्रसंगी राजवाड्यातील चीजवस्तूंचे काय होते हे सर्वश्रुत आहे. ग्रंथांचे तसे झाले नाही, याचे मोठे श्रेय परहस्ताकडे जाते. तंजावरला न्यायाधीश असलेल्या बर्नेल या विद्वान इंग्रजाने तेथील संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची तयार केली आणि ती १८८० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. काय आहे ते एकदा जगाला कळले की ते गुपचूप नाहीसे करणे कठीण होते. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सार्वजनिक झाले. त्यानंतर तंजावरातील काही मराठी घराण्यांनी आणि मठांनी आपापली पोथ्यांची भांडारे तेथे आणून दिली. घरातला ग्रंथ घरात राहण्यापेक्षा सर्वांच्या घरात राहिला तर अधिक सुरक्षित, हे त्यांनी ओळखले.

तेथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत आणि मोडी कागदपत्रांचे तेराशेहून अधिक गठ्ठे आहेत. वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर यांच्या पुरचुंड्या पोथ्यांत ठेवण्याची जुनी रीतही तेथे जपली गेली. या हस्तलिखितांचे मोल किती, ते एका उदाहरणावरून दिसेल. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केलेल्या सीतास्वयंवराच्या खेळापासून मोजतो. परंतु १६८४ ते १७१२ या काळात तंजावरवर राज्य करणाऱ्या शहाजीराजांची मराठी नाटके या महालात सापडली आणि मराठी नाट्यलेखनाचा इतिहास सुमारे दीड शतक मागे गेला. ती पाने कोणी जपली नसती, तर आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील एक प्रकरणच कोरे राहिले असते. मात्र मोडी कागदांची कथा अजून पुरी झालेली नाही. कागद टिकले, पण मोडी वाचणारे डोळे कमी झाले. वाचणारा नसेल तर उत्तम स्थितीतला कागदही मुकाच राहतो.

तिसरे ठिकाण बडोदे. तंजावरशी त्याचे सोयरिकीचे नाते आहे. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या राजघराण्यातील होत्या. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याचे शिक्षण त्यानंतर सुरू झाले. उशिरा अक्षरओळख झालेल्या या राजाने १९०६ मध्ये आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मग प्रश्न असा आला की, शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही तर शिकलेली अक्षरे कितीशी टिकणार?

याचे उत्तर म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतील बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास बोलावण्यात आले. तीन वर्षांत त्यांनी राज्यभर ग्रंथालयांची साखळी बांधावयास घेतली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्गही काढला. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकली. खेड्यातील लोकांनी वर्गणी जमविली की तितकीच रक्कम सरकार आणि पंचायत घालीत आणि गावात वाचनालय उभे राही. जेथे तेही शक्य नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. वाहतुकीचा खर्च सरकारचा. गावाने पुस्तके वाचावी, पेटी परत करावी, नवी घ्यावी. पोथी परहस्ते देऊ नये म्हणणाऱ्या परंपरेतला एक राजा अनोळखी खेडुताच्या हाती पुस्तकांची आख्खी पेटी देत होता. त्याच्या या विश्वासामागे व्यवस्था होती. पेटीत काय गेले याची यादी होती, ती कोणाकडे गेली याची नोंद होती आणि गावात तिची जबाबदारी घेणारा माणूस होता. येथे आणखी एक योगायोग सांगितला पाहिजे: कवींद्राचार्यांच्या पोथ्यांची ती यादी ज्या ग्रंथमालेत छापली गेली, ती बडोद्याचीच गायकवाड प्राच्य ग्रंथमाला होय.

काशी, तंजावर, बडोदे या तीन टप्प्यांनंतर आपल्या मंडळाच्या खोलीतील कपाटाकडे पाहिले, तर ते फार लहान दिसेल. पण वंश तोच आहे. रत्नागिरीस १८२८ मध्ये, पुण्यास १८४८ मध्ये वाचनालये निघाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. वर्गणी, अनामत आणि देवघेवीची वही ही त्यांची रीत घेऊनच मराठी माणूस रेल्वे, टपाल, हिशेबखाते, लष्कर, कॉलेजे यांच्या नोकऱ्यांनिमित्त परप्रांतांत गेला. त्याने गणेशोत्सव सुरू केला, नाटक बसविले आणि एक कपाट ठेवले. दिवाळी अंक एका घरी यावा आणि फाल्गुनापर्यंत दहा घरी फिरावा, ही आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची गोष्ट. मुखपृष्ठाला खाकी कागद, आतल्या पानावर मालकाचे नाव व गाव आणि कोठेतरी पुसटसा हळदीचा डाग. परप्रांतातील मराठी वाचन अशाच पुस्तकांवर पोसले गेले.

आज या कपाटापुढे तंजावरच्या मोडी कागदांचाच प्रश्न उभा आहे. घरातील वडीलधारे माणूस जाते. त्याने पन्नास वर्षे जमविलेली पुस्तके मागे राहतात. मुले-नातवंडे मराठी बोलतात, परंतु सर्वांनाच ती सहज वाचता येते असे नाही. मग पुस्तके रद्दीत जातात किंवा पोत्यात भरून मंडळाच्या दारी येतात. त्यांना नुसते ‘नको’ म्हणणे जसे योग्य नव्हे, तसे नुसते कुलूप लावून ठेवणेही योग्य नव्हे.

वरील इतिहास यावर काही साध्या गोष्टी सुचवितो. कवींद्राचार्यांप्रमाणे प्रत्येक पुस्तकावर देणाऱ्याचे नाव असावे. मंडळाच्या बाबतीत वर्षही घालावे. बर्नेलप्रमाणे कोणीतरी चार रविवार बसून यादी करावी आणि ती अन्य मंडळांना पाठवावी. दुसऱ्या कोठे न मिळणारे पुस्तक आपल्याच कपाटात असू शकते. तंजावरच्या घराण्यांप्रमाणे आपण हयात असतानाच पुस्तके कोणाला द्यावयाची ते ठरवावे. बडोद्याप्रमाणे ज्या घरी माणूस येऊ शकत नाही त्या घरी पुस्तकांची पेटी जावी. आणि या सर्वांच्या आधी मुलांना देवनागरी मराठी वाचता येईल एवढी खटपट करावी, कारण तिच्यावाचून बाकीची सारी व्यवस्था व्यर्थ होय.

सुवर्णमहोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याची वेळ. या निमित्ताने मंडळाची देवघेवीची जुनी वही कोठे असेल तर ती काढून पाहावी. त्या वहीत कोणी काय नेले आणि केव्हा परत केले, एवढेच लिहिलेले असेल. काही ओळींपुढे परतीची तारीख नसेलही. तरीदेखील या गावी मराठी कोणी वाचली, कोणत्या वर्षी वाचली आणि काय वाचली याचा तेवढा एकच लेखी पुरावा आहे. ती वही जपून ठेवावी, आणि तिच्यात यंदाही काही नावांची भर पडेल असे पाहावे.