काबांग: मोकेनांच्या नावेची कुळकथा

अंदमान समुद्रातल्या मोकेन लोकांची भटकंती २००४ च्या त्सुनामीने संपवली, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. त्यांच्या काबांग या नावेकडे पाहिलं की ही घडी त्याआधीच विस्कटू लागली होती, हे कळतं. म्यानमारच्या मेर्गुई द्वीपसमूहातली सुमारे ८०० बेटं आणि दक्षिणेला थायलंडची सुरिन बेटं हा त्यांचा मुलूख. कोरड्या ऋतूत अख्खं कुटुंब नावेतच राही, पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या झोपड्यांत. नावेचा तळ एका खोडातून कोरून, जाळावर तापवून रुंद करायचा. काठ मात्र फळ्यांचे नसत. काटेरी सालाक पामचे हलके देठ एकावर एक रचून ते उभारायचे. देठांमुळे नाव तरंगती राही, पण ते काही महिन्यांतच कुजत आणि पुन्हा रान गाठावं लागे. दोन्ही टोकांना खोल खाच. मोकेनांच्या लेखी नाव म्हणजे देह. पुढची खाच तोंड, मागची गुदद्वार. आत येतं ते बाहेर जातं, साठत काही नाही, असा अर्थ अभ्यासक जाक इव्हानॉफ यांनी लावला. तो मोलाचाच आहे. पण बुडी मारून आलेला माणूस याच खाचेत पाय रोवून नावेत चढतो, हेही तितकंच खरं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देठांच्या जागी फळ्या आल्या, शिडाच्या जागी इंजिन. फळ्या टिकाऊ, पण जड. इंजिनाला डिझेल हवं आणि डिझेलला रोकडा. कुणी म्हणेल, हा बदल त्यांनीच स्वीकारला, आणि बाजारापासून ते अलिप्त होतेच कधी? बरोबर आहे. समुद्रकाकड्या आणि शिंपले देऊन तांदूळ घेणं ही त्यांची जुनी रीत. म्हणून फळीला आणि इंजिनाला मी दोष देत नाही. पण १९८१ साली सुरिन बेटं राष्ट्रीय उद्यान झाली आणि झाडं तोडायला बंदी आली. आता तळाचं खोड आणायचं कुठून? हा बदल त्यांनी निवडला नव्हता. दोन देशांमधली सीमाही कडक होत गेली, आणि अनेकांकडे कुठल्याच देशाचे कागद नव्हते. जंगल राखायलाच हवं, पण पिढ्यान् पिढ्या तिथून एखादं खोड नेणाऱ्यांना लाकूडतोड्या कंत्राटदाराच्या पंगतीला बसवणं अन्याय आहे. त्सुनामीत तर सुरिनचे मोकेन बचावले, कारण ओसरणारं पाणी पाहून जाणत्यांनी सगळ्यांना उंचावर नेलं. त्यानंतर विखुरलेल्या वस्त्या एका गावात दाटीवाटीने बसवल्या गेल्या, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये लागलेल्या आगीत त्यातली बहुतेक घरं जळाली.