डेक्कन ओडिसी

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ व भारतीय रेल्वे यांची ऐषारामी पर्यटन रेल्वेगाडी. राजस्थानच्या ‘पॅलेस ऑन व्हील्स’च्या (१९८२) धर्तीवर २००४ मध्ये सुरू झाली. कोरोनाकाळात बंद पडलेली ही गाडी सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा धावू लागली. रात्री प्रवास आणि दिवसा स्थलदर्शन, असा तिचा शिरस्ता. गाडीत शयनकक्ष, भोजनयान व मद्यालय आहे.

महाराष्ट्राच्या फेरीत वेरूळ-अजिंठ्याबरोबर कोल्हापूर येते. राजवैभव खरे दिसते ते तिथेच : मेजर मँट यांनी आराखडा केलेला, १८८४ मध्ये पूर्ण झालेला काळ्या घडीव दगडाचा नवा राजवाडा, त्याचा घड्याळाचा मनोरा आणि दरबार हॉल.

मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा मात्र या फेरीत नाही. तेथील औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंग मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पपट्ट तासन्‌तास पाहावेत असे आहेत. संत नामदेवांचे नरसीही याच जिल्ह्यात. हिंगोली स्थानकावरून जाणारा पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये रुंदमापी झाला, त्यामुळे रुळांची अडचण उरलेली नाही. महाराष्ट्राच्या फेरीत औंढ्याचा समावेश व्हायलाच हवा.