दोन फाशांची छत्तीस दाने : मोजणी, काव्य आणि अग्रक्रमाचा प्रश्न

सहा बाजूंचे दोन फासे एकत्र टाकले असता किती दाने पडू शकतात, या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. वर दिसणाऱ्या अंकांच्या केवळ जोड्या मोजल्या तर २१. एक फासा दुसऱ्याहून वेगळा मानला तर ३६. संभाव्यतेचे गणित दुसऱ्या उत्तरावर उभे आहे. नऊची बेरीज ३-६ आणि ४-५ या दोन जोड्यांनी होते, दहाचीही ४-६ आणि ५-५ या दोन जोड्यांनीच. परंतु ३६ प्रकारांपैकी नऊच्या वाट्याला ४ येतात आणि दहाच्या वाट्याला ३. कारण ४-६ हे दान दोन रीतींनी पडते, तर ५-५ एकाच रीतीने. एकरूप दिसणाऱ्या घटनांत भेद पाहणारी ही दृष्टी कशी घडली, हा प्रश्न साहित्याभ्यासाच्याही कक्षेत येतो. कारण तिचे काही आरंभीचे पुरावे काव्यात आणि काव्यावरील टीकांत सापडतात.

तेराव्या शतकातील ‘दे वेतुला’ हे लॅटिन काव्य ओव्हिडचे म्हणून प्रसृत झाले. आज ते सामान्यतः रिशार द फुर्निव्हालच्या नावे सांगितले जाते. त्यात तीन फाशांचे ५६ संचय आणि त्यांतून निघणारे २१६ प्रकार अचूक मोजलेले आहेत. याउलट दान्तेच्या ‘पुर्गातोरिओ’च्या सहाव्या सर्गारंभी येणाऱ्या ‘झारा’ या द्यूतप्रकारावर, १४७७ मध्ये व्हेनिसला छापलेल्या आवृत्तीतील टीका असे सांगते की, जी बेरीज अधिक रीतींनी होते ती अधिक वेळा पडते. तत्त्व निर्दोष आहे. मात्र त्याच ठिकाणी चारची बेरीज एकाच रीतीने होते, असेही म्हटले आहे. वास्तविक २-१-१ हे दान तीन रीतींनी पडते.

पुढे कार्दानोने आपल्या द्यूतविषयक ग्रंथात (मुद्रण १६६३) दोन फाशांचे ३६ प्रकार धरले. गॅलिलिओने तीन फाशांत नऊचे २५ आणि दहाचे २७ प्रकार दाखवून जुगाऱ्यांच्या अनुभवाचा उलगडा केला. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा यांचा प्रसिद्ध पत्रव्यवहार झाला. एवढे होऊनही लायब्निझ १७१४ मधील एका पत्रात दोन फाशांनी अकरा व बारा पडणे सारखेच शक्य असल्याचे लिहितो. अकराचे प्रकार २, बाराचा १. लायब्निझ हा १६६६ मध्ये संचयविद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा विद्वान होता. तेव्हा साधन हाती असणे आणि ते फाशांना लावणे या दोन भिन्न गोष्टी होत.

भारतीय परंपरेविषयीचे दावे याच कसोटीवर तपासले पाहिजेत. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण बिभीतक वृक्षाकडे पाहून दोन फांद्यांवरची फळे २०९५ असल्याचे सांगतो आणि नलाच्या अश्वविद्येच्या बदल्यात त्याला अक्षहृदय देतो. इयान हॅकिंग यांनी १९७५ मध्ये या कथेकडे लक्ष वेधल्यापासून तिच्यात संभाव्यताशास्त्राचे बीज पाहण्याची प्रवृत्ती बळावली. परंतु त्या प्राचीन खेळाचे स्वरूप वेगळे होते. ल्यूडर्स यांच्या १९०७ मधील विवेचनानुसार त्यात बिभीतकाच्या फळांच्या संख्येला चारने भागून उरणाऱ्या शेषावरून कृत, त्रेता, द्वापर व कली ही दाने ठरत. तेथे राशीची संख्या एका दृष्टिक्षेपात जाणणे हेच कौशल्य ठरते. ऋतुपर्णाच्या विद्येचा अन्वयार्थ त्या खेळातून अधिक सरळ लागतो. २१ आणि ३६ यांतील भेदाचा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

तो भेद भारतीयांना अपरिचित होता, असा मात्र याचा अर्थ नव्हे. छंदःशास्त्राच्या प्रस्तारात लघु-गुरू आणि गुरू-लघू हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकपाशाच्या प्रकरणात २ आणि ८ या अंकांपासून २८ व ८२ अशा दोन संख्या होतात, पुनरुक्त अंकांसाठी वेगळा नियम दिला आहे. ४-६ आणि ५-५ यांतील भेद नेमका हाच होय. परंतु भास्कराचार्य तो फाशांना लावत नाहीत. चार हातांतील आयुधांच्या क्रमाने हरीच्या मूर्तींचे २४ भेद होतात, असे उदाहरण ते देतात. त्यांच्या मोजणीचा विषय संभवणारी रूपे हा आहे, त्यांची वारंवारता हा नव्हे.

म्हणून ‘प्रथम कोण’ हा प्रश्न येथे फारसा फलदायी ठरत नाही. लॅटिन काव्यात मोजणी आणि द्यूत एकत्र आले. संस्कृतात मोजणी छंदःशास्त्रात व गणितात विकसित झाली, तर द्यूत आख्यानात दैव आणि नीती यांच्याशी निगडित राहिले. ज्ञान कोणत्या वाङ्मयप्रकाराच्या आश्रयाने वाढते, यावर त्याला पडणारे प्रश्न अवलंबून असतात. नलोपाख्यानाला आधुनिक गणिताचे पूर्वरूप ठरवण्याने त्या कथेचा गौरव होत नाही. उलट, गणनेची विद्या मिळताच कली नलाच्या देहातून बाहेर पडतो, हा तिचा स्वतःचा अर्थ त्यामुळे झाकला जातो.