काडेपेटीला चार चाकं

बदलापूर हे नाव कसं पडलं याची आमच्याकडची सर्वमान्य हकीकत अशी, की शिवकाळात दमलेले घोडे इथं बदलले जात, म्हणून बदलापूर. हकीकत ऐकीव आहे, पण वाहन बदलण्याचा मोह आमच्या गावाच्या नावातच आहे, एवढं तिच्यावरून सिद्ध होतं. त्या काळच्या स्वाराला घोडा निवडताना दोनच प्रश्न पडत असणार : पाडणार तर नाही ना? आणि पळतो कसा? आज छोटी मोटार घेणाऱ्यालाही तेच दोन प्रश्न पडतात. पहिल्याला आपण सुरक्षितता म्हणतो, दुसऱ्याला मजा. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांनी सत्तरेक वर्षांत त्यांची जी उत्तरं दिली, त्यांचा हा संक्षिप्त इतिहास.

आधी एक खुलासा करतो. आम्हा लोकांचं खरं वाहन म्हणजे कर्जत लोकल. तिथं सुरक्षितता म्हणजे आत शिरायला मिळणं आणि मजा म्हणजे खिडकी. मोटार ही रविवारची चैन. आठवडाभर ती दारात उभी राहायची आणि पोरं तिच्या धुळीवर बोटानं नावं लिहायची.

या इतिहासाचं पहिलं पर्व फियाटचं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं १९५४ पासून कुर्ल्याला फियाट अकराशे बांधायला घेतली. तिचं इटालियन नाव 'मिलेचेंतो', म्हणजे नुसतंच 'अकराशे'. बारशाला कवी बोलावलेला नव्हता, हे उघड आहे. ती उणीव पुढं १९७४ च्या सुमारास भरून निघाली आणि तीच गाडी 'पद्मिनी' झाली. सुरुवातीच्या अकराशेचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, बिजागऱ्या मागच्या बाजूला. चालत्या गाडीत असा दार चुकून उघडला, तर वारा तो मिटवण्याऐवजी आणखी सताड उघडणार! पण गाडीतून उतरणारी बाई त्या दारातून फार ऐटीत उतरे, त्यामुळे तक्रार कुणी केली नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि पुढची सीट सलग बाकासारखी, म्हणून पुढं तिघं बसत. चौथा लहान असला तर तो हिशेबातच नसे.

तिची थोरली जाऊ म्हणजे अँबॅसडर. ही बंगालात उत्तरपाड्याची, १९५७ पासूनची, वजनानं अकराशे किलोच्या वर. आणि धाकटी, जरा नखरेल, ती मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, १९६१ ची. हिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटायचं, त्यामुळे दुरुस्ती चालली आहे की गाडी जांभई देते आहे, हे लांबून कळत नसे.

या तिघींची तुलना करण्याची आमच्या मामांची पद्धत सोपी होती. मामा अंबरनाथचे. ते बॉनेटवर बोटाची दोन पेरं वाजवत, अगदी कलिंगड घेताना वाजवतात तशी. आवाज जाडा आला की म्हणत, "ही गाडी! हिला ट्रकसुद्धा वाट देईल." मजबुतीची त्यांची कल्पना घराशेजारीच उभी होती. अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं. दगड वितभरही हललेला नाही. गाडी कशी असावी, तर देवळासारखी.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. ज्यांनी सगळं मागं टाकून बराकीत संसार मांडला, त्यांना गाडीची मजा म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं : गाडीत काय काय मावतं, ती मजा. फर्निचर बाजारातला व्यापारी वेग विचारत नसे, कॅरिअर विचारायचा. कपाट टपावर, आरसा मागच्या सीटवर आणि आरशाला धरून बसलेला मुलगा. त्या मुलाला कोण धरून बसलं आहे, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडत नसे. कल्याणपासून बदलापूरपर्यंत कुणालाच पडत नसे.

मग आली मारुती. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिली किल्ली दिली. सातशे शहाण्णव सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, वजन साडेसहाशे किलोच्या आतबाहेर. आमच्या आळीत पहिली आली, तेव्हा मामांनी पेरं वाजवली, आवाज ऐकला आणि निकाल दिला : "काडेपेटी!" हा शेरा ऐरागैऱ्याचा नव्हता. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना १९२० च्या दशकापासून होता. या विषयात अंबरनाथकरांचा शब्द प्रमाण.

पण काडेपेटी पळायची झकास. गिअर खाली, हाताशी. स्टिअरिंग बोटभर फिरवलं की गाडी हातभर वळे. उल्हासनगरच्या सतरा सेक्शनच्या गर्दीतून ती कोळंबीसारखी निसटायची, आणि बदलापूर सोडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागली की चालवणारा गाणं म्हणू लागे. फियाट, अँबॅसडरमध्ये गाणं मागचे लोक म्हणत. चालवणारा गिअर शोधत असे. मजेचा निकाल त्या दिवशीच लागला.

सुरक्षिततेचा मात्र सगळ्यांनीच उलटा लावला. देऊळ मजबूत खरं. पण त्याला चाकं नाहीत. ते कशावर जाऊन आदळायचं नसतं, आणि आतल्या देवाला धक्का सोसायचा नसतो. जाड पत्र्याची गाडी आदळली, की गाडीला फारसं काही होत नसे. जे व्हायचं ते आतल्या माणसाला होई. स्टिअरिंगचा दांडा छातीकडे रोखलेला, समोर लोखंड आणि मध्ये काही नाही. बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरानं हे फार पूर्वी ओळखलं होतं : गाडीचं नाक चुरगळू द्या, माणूस बसतो ती पेटी घट्ट ठेवा. १९५९ मध्ये मर्सिडीजनं तशी गाडी रस्त्यावर आणली. त्याच वर्षी व्होल्वोच्या नील्स बोलिननं खांद्यावरून आणि मांडीवरून जाणारा पट्टा आणला. म्हणजे मामांची काडेपेटी शिवी म्हणून चुकली, पण नमुना म्हणून बरोबर होती. वरचं टरफल चेपलं तरी चालेल, आतला खण शाबूत हवा. एवढंच, की त्या काळच्या छोट्या गाड्यांत खणही टरफलाइतकाच नाजूक.

पट्टा १९५९ चा. आपल्याकडे नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटांना तो सक्तीचा झाला १९९४ मध्ये. पस्तीस वर्षं! मधल्या काळात आम्ही आरत्या म्हणून निघत होतो.

पुढचा इतिहास वेगानं उरकतो. १९९८ मध्ये सँट्रो आली, मॅटिझ आली, वर्षाच्या शेवटी टाटांची इंडिका आली. २००६ च्या अंदाजपत्रकात सरकारनं छोटी गाडी म्हणजे काय ते टेप लावून सांगितलं : चार मीटरच्या आत असेल तर कर कमी. लगेच मोठ्या गाड्यांच्या डिक्या, उल्हासनगरच्या कारागिरानं जीन्स आखूड करावी तशा, आखूड होऊन आल्या. २००९ मध्ये लाखाची नॅनो आली. आणि जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं आपल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं आदळून पाहिल्या. पाचांनाही मोठ्यांच्या रक्षणासाठी तारे मिळाले शून्य. ताशी ६४ म्हणजे काही विमानाचा वेग नव्हे. रात्री अंबरनाथहून बदलापूरला येताना कुणीही गाठतो. त्यानंतर मात्र गाड्या सुधारल्या. २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉननं पाच तारे मिळवले, २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, २०२३ मध्ये आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली.

हल्ली माझा भाचा गाडी घेताना तारे मोजतो. मी मजा विचारतो. त्याच्या छोट्या गाडीत दोन्ही आहेत, हे मी सतरा सेक्शनला आणि बारवीच्या रस्त्याला, दोन्हीकडे बसून पाहिलं आहे. पण पाच तारे ही गाडीची परीक्षा झाली. परीक्षेतली बाहुली पट्टा लावून बसलेली असते, आणि आमचे मामा मागच्या सीटवर मोकळे बसतात.

गेल्या रविवारी नातू मांडीवर घेऊन बसले होते. भाचा म्हणाला, "मामाआजोबा, त्याला त्याच्या खुर्चीत बसवा आणि तुम्ही पट्टा लावा."

"बांधून घ्यायला मी काय गाठोडं आहे?" मामा म्हणाले. "आणि याला मी धरलंय की घट्ट!"

भाच्यानं समजावून सांगितलं, की गाडी आदळली तर कुणाचेही हात पोराला धरू शकत नाहीत, आणि मागचा मोकळा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन पडतो. मामांनी सवयीनं दारावर पेरं वाजवली. "पत्रा पातळ आहे," म्हणाले. पण पोराला खाली ठेवलं.

भाच्यानं नातवाला त्याच्या खुर्चीत बांधलं. तिथून तो चार वर्षांचा पोरगा आजोबांकडं बोट दाखवून "पीं, पीं, पीं" करू लागला. फॉरेस्ट नाका आला तरी थांबेना. अखेर मामांनी पट्टा ओढला, कुलपात चाप बसवावा तसा खट्‌कन बसवला आणि आवाज नीट ऐकून घेतला.

"हा," ते म्हणाले, "हा आवाज जाडा आहे."