बोटं बाहेरच राहिली

पोटाचं ऑपरेशन म्हणजे सर्जनचा हात पोटात जाणार, हे शतकभर गृहीतच होतं. डोळ्यांना न दिसणारी यकृतातली गाठ बोटांना लागते. कापण्याआधी रक्तवाहिनीचं उडणं बोटांनाच कळतं.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या बोब्लिंगन शहरात एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी त्यांनी ते जर्मन सर्जनांच्या परिषदेत मांडलं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. लाट आली ती नंतर. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतातलं असं पहिलं ऑपरेशन केलं. वीतभर चिऱ्याऐवजी तीन-चार छोटी भोकं, आणि पेशंट लवकर घरी. रोजंदारीवर जगणाऱ्याला हे दिवस वाचणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

याची किंमत सर्जनच्या बोटांनी मोजली. फूटभर लांब चिमटा भोकातल्या नळीत घासतो, त्यामुळे त्याच्या टोकाची जाणीव हातापर्यंत अर्धीमुर्धीच पोचते. २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ रोबोनं तीही जवळपास तोडली. त्यात सर्जन पेशंटपासून दूर बसतो आणि चिमटे मोटरवर हलतात. मग सर्जन नजरेनं शिकले. ऊती किती दबली, दोरा किती ताणला गेला, हे पडद्यावर पाहून जोर ओळखायचा. अंदाज चुकला तर दोरा तुटतो, नाजूक ऊती फाटते.

यावर उपाय सेन्सरचा. टोकावर पडणारा जोर मोजायचा आणि सर्जनच्या हातातल्या मुठीला तेवढाच विरोध द्यायचा. सांगायला सोपं, पण हा सेन्सर बोटाहून बारीक उपकरणात मावला पाहिजे, निर्जंतुक करताना टिकला पाहिजे, आणि शेजारी ऊती जाळणारा विद्युतप्रवाह चालू असताना बरोबर मोजला पाहिजे. दा विंचीच्या पाचव्या पिढीत ही सोय आली तेव्हा २०२४ साल उजाडलं होतं.

तरी परत आला तो फक्त जोर. किती ढकललं, किती ओढलं, एवढं कळतं. मऊ ऊतीत दडलेली वाटाण्याएवढी गाठ ओळखायला मात्र बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाब मोजणारे अनेक बिंदू लागतात, आणि ते सगळं पुन्हा सर्जनच्या बोटावर उमटावं लागतं. हार्वर्डमध्ये रॉबर्ट हाव यांच्या प्रयोगशाळेनं नव्वदच्या दशकातच यावर काम केलं, पण ऑपरेशन थिएटरात ते अजून रुळलेलं नाही.

म्हणून काही अवघड ऑपरेशनांत सर्जन आजही सात-आठ सेंटिमीटरचा चिरा घेतात आणि एक हात आत घालतात.