क्लेअर मतदारसंघ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगणा १८०१ ते १८८५ या काळात ब्रिटिश संसदेवर दोन सभासद पाठवीत असे. या मतदारसंघाची कीर्ती मुख्यतः १८२८ च्या पोटनिवडणुकीमुळे आहे.

१७९३ च्या कायद्याने कॅथलिकांना मताधिकार मिळाला होता; सभासदत्व मात्र नव्हते. सभागृहात बसण्यापूर्वी जी शपथ घ्यावी लागे, ती कॅथलिक श्रद्धेचा धिक्कार करणारी होती. मतदानाची पात्रता वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या जमिनीची असल्याने हयातीच्या पट्ट्याने जमीन कसणारी लहान कुळेही मतदार होती. मतदान उघड असे. त्यामुळे कुळाचे मत म्हणजे जमीनदाराचेच मत, असा रिवाज पडला होता.

डॅनियल ओकॉनेल यांच्या कॅथलिक असोसिएशनने १८२४ पासून दरमहा एक पेनी वर्गणी घेऊन गोरगरिबांना संघटित केले. १८२८ मध्ये वेसी-फिट्झजेरल्ड मंत्री झाले. तत्कालीन नियमाप्रमाणे त्यांना पुन्हा निवडून येणे भाग होते. ते स्वतः कॅथलिकांच्या हक्कांना अनुकूल होते, तरी ओकॉनेल उभे राहिले. एनिस गावी झालेल्या मतदानात ओकॉनेल यांना २०५७ व फिट्झजेरल्ड यांना ९८२ मते पडली. कुळांनी जमीनदारांचा रोष पत्करून ही मते दिली होती.

यादवीच्या भीतीने वेलिंग्टन व पील यांच्या सरकारने एप्रिल १८२९ मध्ये संसदेचे दार कॅथलिकांना उघडले. परंतु त्याच वेळी दुसऱ्या कायद्याने आयर्लंडच्या परगण्यांतील पात्रता दहा पौंडांवर, म्हणजे पाचपट, नेली. ज्या कुळांनी हा विजय मिळवून दिला, त्यांचाच मताधिकार गेला. ओकॉनेल यांना नवी शपथ लागू न केल्याने पुन्हा निवडणुकीस उभे राहावे लागले. ते बिनविरोध निवडून आले.

१८८५ मध्ये मतदारसंघाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व क्लेअरमध्ये १९१७ साली, नुकतेच तुरुंगातून सुटलेले एमन डी व्हॅलेरा ५०१० विरुद्ध २०३५ मतांनी विजयी झाले.

वर्गात १८२९ चा उल्लेख 'कॅथलिक मुक्ती' एवढाच होतो. दोन्ही कायदे एकत्र शिकविले, तरच विद्यार्थ्यांना कळेल की समाजाच्या पुढाऱ्यांना प्रवेश मिळणे आणि समाजातील गरिबांचा हक्क टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.